गोत्राला वाय गुणसूत्राची साक्ष नको

लग्नाच्या बैठकीत, प्रवचनात, घरोघरच्या मोबाइलवर गेली काही वर्षे एक युक्तिवाद फिरतो आहे. तो असा: बापाकडून मुलाला वाय गुणसूत्र मिळते आणि ते पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ न बदलता उतरते. गोत्रही असेच बापाकडून मुलाकडे येते, म्हणून गोत्र म्हणजेच वाय गुणसूत्र. मुलीला वाय नसते, म्हणून तिला स्वतःचे गोत्र नसते. सगोत्र विवाह निषिद्ध ठरवला तो आनुवंशिक रोग टाळण्यासाठी. तेव्हा प्राचीन ऋषींना आणि काशीच्या पंडितांना गुणसूत्रांचे शास्त्र अवगत होते, जगाला ते फार उशिरा कळले.

सांगणारे बहुधा शिकलेले असतात आणि ऐकणारे माना डोलावतात. शाळेत मेंडेलचे वाटाणे, एक प्रभावी जनुक आणि एक अप्रभावी जनुक एवढेच शिकून थांबलेल्या माणसाला हे पटकन पटते. पण हा युक्तिवाद पायापासून चुकीचा आहे. शिवाय तो निरुपद्रवीही नाही. त्याच्यामुळे आईचा आणि मुलीचा वारसा पुसला जातो आणि लग्न ठरवताना जी तपासणी व्हायला हवी ती राहून जाते. म्हणून त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. काशीचे नाव घेऊनच दावा केला जातो, तर उत्तरही काशीतूनच देता येते. काशीतल्या मराठी पंडितांच्या ग्रंथपरंपरेतून ते मिळते आणि काशी हिंदू विद्यापीठातल्या सूक्ष्मदर्शकाखालूनही मिळते.

या युक्तिवादात खरे तेवढे आधी मान्य करू. गोत्र आणि वाय या दोहोंची वाट कागदावर एकसारखी दिसते, बाप ते मुलगा. पण ही वाट बापाच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक आडनावाचीही आहे. चीनमध्येही एकाच आडनावाच्या कुळांत लग्न वर्ज्य मानत. वाट सारखी असली म्हणून ती आखणाऱ्याला गुणसूत्र दिसले होते असे ठरत नाही. वंश बापाच्या नावाने मोजायचा असे एखाद्या समाजाने ठरवले की हा आराखडा आपोआप तयार होतो.

आता मुख्य आक्षेप. सगोत्र विवाहाचा निषेध वायमुळे आहे असे म्हणणाऱ्याने एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा: नवरीकडे वाय असते का? नसते. नवरा आपले वाय मुलाला देणार ते नवरी कोणत्या गोत्राची आहे यावर मुळीच अवलंबून नाही. ती सगोत्र असली काय, परगोत्री असली काय, मुलाच्या पेशीत बापाचे तेच वाय जाणार. मग सगोत्र लग्न टाळून वायचे कोणते रक्षण झाले? जवळच्या नात्यातल्या लग्नाने जे आजार उद्भवतात ते बहुतेक करून गुणसूत्रांच्या इतर बावीस जोड्यांवरच्या अप्रभावी जनुकांमुळे उद्भवतात, आणि त्या बावीस जोड्या गोत्र पाळत नाहीत. त्यांच्यात आईचे आणि बापाचे अंश दर पिढीला मिसळतात. युक्तिवादाचा कणा इथेच मोडतो.

तरीही वायची थोरवी सांगणाऱ्यांसाठी काही आकडे. माणसाच्या वाय गुणसूत्राचा अखंड क्रम २०२३ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झाला. त्याची लांबी सुमारे ६ कोटी २० लाख डीएनए-अक्षरांची आहे आणि प्रथिने घडवणारी त्यावरची जनुके शंभराच्या आसपास आहेत. माणसाची अशी एकूण जनुके वीस हजारांच्या घरात जातात. एक्स गुणसूत्र वायच्या अडीचपट लांब, साडेपंधरा कोटी अक्षरांचे. बाप मुलाला वाय देतो आणि मुलीला एक्स देतो. म्हणजे बापाचा वारसा डीएनएने मोजायचा तर तो मुलापेक्षा मुलीच्या पदरात जास्त पडतो. उलट, कोणत्याही पुरुषाच्या पेशीत आईकडून आलेला डीएनए बापाकडून आलेल्या डीएनएपेक्षा अधिक असतो. ज्या मोजमापाचा दाखला देऊन मुलीला वंशाबाहेर काढले जाते, ते मोजमापच तिच्या बाजूने साक्ष देते.

पिढ्यांचाही हिशेब मांडू. दहा पिढ्या मागे गेलो तर वंशवृक्षात पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. त्यांतल्या एकाच जागेवरच्या पुरुषाकडून गोत्र आणि वाय येते. उरलेल्या १०२३ जागांवरचे स्त्रीपुरुष परके होते का? आपली उंची, आपले डोळे, मधुमेहाची प्रवृत्ती, आवाजाचा पोत हे सारे त्या गर्दीतून आलेले आहे. ऋषींपर्यंत जायचे तर दहा पिढ्यांनी भागत नाही. तिथवर जाता जाता एका ओळीचा वाटा इतका बारीक होतो की त्यावर कुळाचे तेज आणि बुद्धी तोलणे व्यर्थ आहे. शिवाय भारतातल्या ब्राह्मण पुरुषांची वाय गुणसूत्रे तपासली तेव्हा त्यांत आर१ए, आर२, जे२, एल, एच असे अनेक गट निघाले, आणि आर१ए हा गट सहारिया आणि चेंचू या आदिवासींमध्येही आढळला. आठ गोत्रकार ऋषींच्या आठ स्वच्छ वाय-ओळी कुठेही दिसल्या नाहीत.

आनुवंशिकतेच्या वाटा किती आहेत हे पाहिले म्हणजे ‘गोत्र म्हणजे वाय’ हे सूत्र किती तोकडे आहे ते लक्षात येते. पहिली वाट आजोळची. रंगांधळेपणा, हिमोफिलिया, जी-६-पीडी या विकराची कमतरता, ही सारी एक्स गुणसूत्रावरची दुखणी. मुलाचा एकुलता एक्स आईकडून येतो, म्हणून आजोबांचे दुखणे लेकीच्या पोटातून नातवाकडे जाते आणि बहुधा ती लेक स्वतः धडधाकट राहते. बाप मुलाला हे दुखणे देऊच शकत नाही. गोत्राच्या नोंदीत मुलगी लग्नानंतर दुसऱ्या घरची होते. तिच्या बापाचा एक्स मात्र तिच्याबरोबर सासरी जातो आणि नातवाच्या अंगात जागा होतो.

दुसरी वाट निव्वळ आईची. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांत १६,५६९ अक्षरांचा वेगळा डीएनए आणि त्यावर ३७ जनुके असतात. तो मुलगा असो वा मुलगी, आईकडूनच मिळतो, आणि मुलगा तो पुढे देत नाही. तरुणपणी अल्पावधीत दृष्टी घालवणारा लेबरचा दृष्टिचेताविकार याच वाटेने येतो. त्याचा झटका बसतो तो अधिक करून पुरुषांना, पण तो उतरतो फक्त स्त्रियांकडून. काही तंतुकणिका-विकारांत एकाच पेशीत निरोगी आणि सदोष तंतुकणिका एकत्र नांदतात. कोणत्या भावंडाच्या वाट्याला किती सदोष आल्या त्यावर आजाराची तीव्रता ठरते. इथे प्रभावी-अप्रभावी हा हिशेबच लागू होत नाही.

तिसरी वाट या दोहोंपेक्षा विलक्षण. काही जनुकांवर ते आईकडून आले की बापाकडून याची खूण असते आणि त्या खुणेनुसार त्यांतले एकच बोलते, दुसरे मुके राहते. पंधराव्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा बापाकडून आलेल्या प्रतीत गळला तर मूल जन्मतः ढिले असते आणि पुढे त्याला न शमणारी भूक लागते. हा प्राडर-विली विकार. तोच तुकडा आईकडून आलेल्या प्रतीत गळला तर मुलाला वाचा जवळजवळ येत नाही, फिट्स येतात आणि ते वरचेवर हसत राहते. हा अँजेलमन विकार. तुकडा एक, गळती एक, पण आजार दोन. १९८४ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत याची मुळे दिसली. केंब्रिजमध्ये अझीम सुरानी यांनी आणि अमेरिकेत मॅकग्राथ आणि सोल्टर यांनी दाखवले की दोन्ही जनुकसंच बापाचे घातले तर गर्भ वाढत नाही आणि दोन्ही आईचे घातले तरीही वाढत नाही. दोघे लागतात, आणि दोघांचे काम वेगवेगळे असते.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज आणि क्षेत्र यांची चर्चा आहे. पुरुष बीज, स्त्री क्षेत्र, आणि पीक बीजाप्रमाणे उगवते असा त्या कल्पनेचा कल. ‘गोत्र म्हणजे वाय’ हे तेच जुने मत प्रयोगशाळेचा कोट घालून परत आले आहे. आई म्हणजे नुसती जमीन नव्हे, हे सुरानींच्या प्रयोगानंतर वादातीत झाले आहे.

आता काशीकडे. काशी हिंदू विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात एस. पी. रायचौधुरी यांनी गुणसूत्रांच्या अभ्यासाची परंपरा घातली. त्यांच्या हाताखाली जौनपूर जिल्ह्यातल्या कलवारी गावाहून आलेला लालजी सिंह नावाचा विद्यार्थी सापांच्या गुणसूत्रांवर काम करत होता. बहुतेक सापांत हिशेब उलटा आहे. नराची दोन लिंगगुणसूत्रे सारखी असतात, झेड आणि झेड. नाग, मण्यार, घोणस यांच्या मादीची मात्र वेगळी असतात, झेड आणि डब्ल्यू. मादीच्या पेशी रंगवून पाहिल्या तर गाभ्यात आक्रसलेल्या डब्ल्यूचा गडद ठिपका उठून दिसतो आणि नराच्या पेशीत तो नसतो. म्हणजे या सापांत एकट्या ओळीने उतरणारे गुणसूत्र आईकडून लेकीकडे जाते आणि पिल्लू नर की मादी हे आईच्या बाजूने ठरते. पक्ष्यांतही हेच घडते. वंशाचा दोरा निसर्गाने नराच्याच हाती दिला आहे असे मानणाऱ्यांना बनारसच्याच प्रयोगशाळेने साठ-सत्तरच्या दशकांत मिळवलेला हा पुरावा आहे.

पुढे लालजी सिंह एडिंबरोला गेले. पट्टेरी मण्यारीच्या मादीच्या डीएनएतून त्यांनी वारंवार येणारे तुकडे वेगळे काढले. तसे तुकडे उंदराच्या वायवरही सापडले, आणि त्यांच्याच आधाराने हैदराबादला भारताचे स्वतःचे डीएनए-ठसा तंत्र उभे राहिले. पितृत्वाचे वाद ज्या तंत्राने न्यायालयात सुटू लागले, त्याची सुरुवात एका मादी सापाच्या गुणसूत्रापासून झाली. लालजी सिंह २०११ ते २०१४ या काळात काशी हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू होते. काशीने आनुवंशिकतेला काय दिले हे सांगायचे असेल तर हे सांगावे. ते खरे आहे, तपासलेले आहे आणि अभिमान बाळगावा असे आहे.

एक जनुक म्हणजे एक गुण, ही समजूतही या युक्तिवादाच्या मुळाशी आहे. तिला उत्तर मुंबईने दिले. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे, चिं. के. देशपांडे, ह. म. भाटिया आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. तोच आज जगभर बाँबे रक्तगट म्हणून ओळखला जातो. काचपट्टीवर या रक्ताचे दोन थेंब घेऊन एकात ए-विरोधी आणि दुसऱ्यात बी-विरोधी द्रव टाकला तर कुठेच गुठळ्या होत नाहीत, म्हणजे रक्त ओ वाटते. पण नेहमीच्या ओ गटाच्या रक्तात एच हा द्रव्यांश असतो, आणि या रक्तात तोही नसतो. म्हणून या माणसाला साधे ओ रक्तसुद्धा चालत नाही. कारण असे की ए किंवा बी घडवणारे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते, पण ते ज्यावर काम करणार ती एचची पायरी एकोणिसाव्या गुणसूत्रावरचे दुसरे जनुक घडवते. ती पायरीच बनली नाही तर वरचे जनुक असून नसल्यासारखे राहते. एका जनुकाचे म्हणणे दुसरे दाबून टाकते. आणि त्याच वेळी ए आणि बी ही जनुके एकत्र आली तर दोघेही सारख्या जोराने प्रकट होतात, कोणी कोणावर प्रभावी ठरत नाही. सगळ्यांच्या ओळखीचा एबी रक्तगट हा त्याचा रोजचा पुरावा.

यातून एक गंभीर गोष्ट निघते. वरवर ओ दिसणाऱ्या बाँबे गटाच्या बापाने आपले दडलेले ए जनुक मुलाला दिले आणि आईकडून एचचे जनुक आले, तर आईबाप दोघे ओ आणि मूल ए असे घडू शकते. शाळेतल्या तक्त्याप्रमाणे ते अशक्य आहे. त्या तक्त्यावर विसंबून एखाद्या बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवले गेले तर दोष अर्धवट शास्त्राचा असतो. आनुवंशिकतेचे अर्धे ज्ञान अधिकारवाणीने मांडण्याचा धोका हा असा आहे.

उंची, वर्ण, बुद्धी यांचा हिशेब तर याहूनही गुंतागुंतीचा. असे गुण असंख्य जनुकांच्या लहान लहान वाट्यांतून कसे घडू शकतात हे रोनाल्ड फिशर यांनी १९१८ मध्येच गणिताने मांडले होते. २०२२ मध्ये चोपन्न लाख लोकांच्या अभ्यासातून एकट्या उंचीशी निगडित १२ हजारांहून अधिक जागा जनुकसंचात सापडल्या. त्या अनेक गुणसूत्रांवर विखुरलेल्या आहेत, आणि वर आहार, आजार आणि बालपण यांचा परिणाम आहेच. कुळाची बुद्धी एका गुणसूत्रातून वाहते असे म्हणणाऱ्याने या आकड्याचे काय करायचे ते सांगावे.

‘ते काही असो, सगोत्र निषेधामुळे रोग टळले हे तर खरे?’ असा शेवटचा बचाव येतो. तोही तपासू. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत भावाची मुलगी सून करून आणायची रीत आहे. मामेबहिणीशी लग्न तिथे पसंतीचे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांवर लिहिताना या रीतीचा विस्ताराने विचार केला आहे. दक्षिणेत तर मामा-भाचीचेही लग्न होते. या प्रत्येक लग्नात गोत्रे वेगळी असतात, म्हणून गोत्राची परीक्षा ती पार करतात. पण मामेभावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके सामाईक असतात आणि मामा-भाचीत एक चतुर्थांश. उलट एक काश्यप चिपळूणचा आणि दुसरी काश्यप दरभंग्याची असेल, तर त्यांच्यात अलीकडचे कोणतेच नाते नसेल आणि तरी गोत्र त्यांना अडवते. जिथे धोका आहे तिथे चाळणी उघडी आणि जिथे नाही तिथे बंद, असे असताना तिला रोगप्रतिबंध कसे म्हणायचे?

त्याहून मोठी गोष्ट जातीची. गोत्राबाहेर पण जातीच्या आत लग्न करायचे, हा आपला नियम शेकडो पिढ्या नसला तरी कित्येक डझन पिढ्या चालला आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातले २६० हून अधिक समाजगट तपासले गेले. त्यांतल्या ८१ गटांत मूठभर पूर्वजांपासून सारा समाज वाढल्याचा ठसा फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही ठळक निघाला. आंध्रातल्या आर्य वैश्य समाजात गोत्रांचे नियम अतिशय काटेकोर आहेत. तरी भूल देताना वापरल्या जाणाऱ्या एका औषधाचा परिणाम लांबवणारी विकराची कमतरता त्या समाजात इतरांपेक्षा पुष्कळ अधिक आढळते. हा त्या समाजाचा दोष नव्हे. कुठल्याही बंद वर्तुळात हेच होते. गोत्राने वर्तुळाच्या आत भिंती घातल्या, पण वर्तुळ मोठे केले नाही. वर्तुळ जातीने आखले होते.

आणि परंपरेचे काय? जे वायच्या नावाने परंपरेचा गौरव करू पाहतात, ते तिचा अभ्यास करत नाहीत. दत्तक मुलाला घेणाऱ्याचे गोत्र मिळते. त्याचे वाय मात्र जन्मदात्याचेच राहते. लग्नात वधूचे गोत्र बदलते. तिचे एकही गुणसूत्र बदलत नाही. क्षत्रिय आणि वैश्यांनी पुरोहिताचे गोत्र-प्रवर घ्यावेत अशी सोय सूत्रग्रंथांतच आहे. घाटावर संकल्प सांगताना यजमानाला गोत्र ठाऊक नसेल तर गुरुजी काश्यप घालतात. हे सारे नियम गोत्र ही सामाजिक आणि धार्मिक ओळख मानतात, शरीराचा अंश मानत नाहीत. शरीराच्या अंशाचा विचार शास्त्रकारांनी वेगळा केला. कल्याणीच्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत सापिंड्य, म्हणजे रक्ताचे नाते, ठरवताना आई आणि बाप दोघांच्याही शरीराचे अंश अपत्यात येतात असे धरले आणि आईकडच्या पिढ्याही मोजल्या. पैठणहून काशीत येऊन स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ रचला. विवाहाच्या प्रकरणात त्यांनाही सापिंड्य आणि गोत्र हे दोन स्वतंत्र विचार करावे लागले. पितृपक्षात महालय करताना बापाच्या तीन पिढ्यांबरोबर मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह यांनाही पिंड दिला जातो. ज्या परंपरेने आजोळ लक्षात ठेवले, तिच्या तोंडी ‘आईचा वंशाशी संबंध नाही’ हे वाक्य घालणे हा तिचाच अपमान आहे.

कायद्यानेही हा भेद ओळखला. १९४६ च्या कायद्याने सगोत्र विवाह वैध ठरला, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सापिंड्याची मर्यादा बापाकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्या अशी ठेवली. नाते मोजायचे ते दोन्हीकडून, हे त्यात स्पष्ट आहे.

ज्याला गोत्र पाळायचे त्याने श्रद्धेने पाळावे. ती त्याच्या घराची रीत आहे आणि रीतीला प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज नसते. पण ‘गोत्र जुळत नाही, म्हणजे मुले निरोगी होतील’ असे सांगून कोणी लग्न ठरवू नये. थॅलेसेमियाचे वाहक असलेल्या दोघांचे गोत्र वेगळे असले तरी प्रत्येक गरोदरपणात बाधित मूल होण्याची शक्यता चारात एक असते. ती शक्यता रक्ताच्या साध्या तपासणीतून आणि हिमोग्लोबिन ए-२ च्या मोजणीतून आधी कळते. विदर्भात आणि खानदेशात सिकलसेलसाठीही तशीच तपासणी होते. पत्रिका आणि गोत्र विचारणाऱ्या प्रत्येक बैठकीत हा कागदही मागितला जावा, आणि तो मुलाकडूनही मागितला जावा.

वायचे नाव घेऊन मुलीला वंशाबाहेर ठेवणाऱ्यांना मात्र यापुढे शास्त्राचा आधार मिळणार नाही. तसे करायचेच असेल तर ते स्वतःच्या जबाबदारीवर करावे. त्यासाठी काशीच्या पंडितांना साक्षीला बोलावू नये, आणि ज्या बनारसने मादी सापाच्या पेशीतून आनुवंशिकतेचे एक दार उघडले, तिच्या प्रयोगशाळेलाही बोलावू नये.